बरगडी खाल्लेला जबडा

धाड गावच्या शेषरावकाकांचे दात गेले, मग जबड्याचं हाडही झिजून सपाट झालं. कवळी टिकेना, आणि काकांचा जीव तर हुरड्यात. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांचीच बरगडी काढून जबड्यावर चढवली. त्या वर्षी काकांनी घरोघरी जाऊन हुरडा खाऊन दाखवला.

दोन वर्षांनी, सत्तर साली, कवळी पुन्हा डुलू लागली. डॉक्टर एक्स-रे पाहून म्हणाले, "बसवलेलं हाड शरीरानं शोषून घेतलं. होतं असं."

घरी काकूंनी हुरडा पुढं केला. काकांनी ताट सरकवलं.

"या जबड्याले फक्त ताक दे. घरचा समजून बरगडी देल्ली, अन् यानं दात नसताना खाऊन टाकली!"

"अन् तुमी काय खासान?"

काका आणि जबडा, दोघांत मिळून तोंड एकच होतं.