लाभपाचमेच्या तारखा

मित्रांनो, जुने व्हायला मला फार वर्षे लागली नाहीत, सहा पुरली. आज मी बडोद्यातल्या एका पंपांच्या कंपनीत जिन्याखाली पडून आहे, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी. पण २००३ साली मी आलो तेव्हा माझ्यावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला होता आणि नारळ फोडला होता. माझ्यावरच फोडला असता तर बरे झाले असते.

मी सर्व्हर. माझ्या पोटात डेटा वेअरहाउस होते, म्हणजे कंपनीच्या साऱ्या माहितीचे कोठार. त्यातून रंगीत तक्ते काढणाऱ्या सॉफ्टवेअरला बिझनेस इंटेलिजन्स म्हणत. मालकांचे चिरंजीव धवलभाई परदेशातून शिकून आले, त्यांना वाटले कंपनीत बुद्धी कमी आहे. मग ती खोक्यातून मागवली. तीस वर्षे याच आवारात वावरणारी बुद्धी कोणाला दिसली नाही. तिला वायर नव्हती ना.

मला एसी खोली मिळाली. आत येताना साहेब लोकसुद्धा बूट काढत. मला माहिती भरवणाऱ्या प्रेमलाताई मात्र बाहेर बसत आणि टेबल-फॅनसाठी अर्ज करत. ताई शहरातल्या समा भागात एका सोसायटीत राहायच्या. सकाळी डबा ठेवला की कंपनीच्या छाणी गावातल्या वर्कशॉपची वही उघडायच्या आणि एकेक ओळ पुटपुटत मला भरवायच्या. मला जगाची जी काही समज आहे, ती त्या पुटपुटण्यातून आली. बाकी सगळा नुसता साठा.

छाणीला भास्करराव आणि त्यांची अकरा माणसे बिघडलेले पंप दुरुस्त करत. दिवाळीच्या सुमारास रब्बीचे पाणी सुरू होई, पंप धडाधड बंद पडत. हे लोक सणाचा फराळ वर्कशॉपमध्येच खात आणि आलेला पंप त्याच दिवशी चालू करून देत. पण धनत्रयोदशीला जुनी वही मिटायची आणि लाभपाचमेलाच, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, नवी उघडायची, ही तिथली रीत. मधल्या दिवसांच्या चिठ्ठ्या भिंतीवरच्या तारेत खोचून ठेवत. मग नव्या वहीत शुभ सुरुवात म्हणून सगळ्या लाभपाचमेच्याच तारखेने उतरवत. ताईंनीही वर्षानुवर्षे त्याच तारखा पुढे भरल्या. वही वाचणाऱ्या प्रत्येक माणसाला ते ठाऊक होते.

मला कोण सांगणार? तक्रार फोनवर आली त्या दिवसाची तारीख माझ्याकडे होती, दुरुस्ती लाभपाचमेची. मी वजाबाकी केली. एकेका पंपाला पाच-पाच, सात-सात दिवस. छाणीचा रकाना लालभडक. आणि पाणीगेटचे दुसरे वर्कशॉप, जे दिवाळीभर कुलूप लावून फोनसुद्धा उचलत नसे आणि म्हणून ज्याच्या नावावर तक्रारच नसे, त्याचा रकाना हिरवागार.

धवलभाईंनी तो तक्ता भिंतीवर टाकला आणि चहा संपायच्या आत छाणी बंद करायचे ठरले. एकानेही विचारले नाही की एवढे पंप एकाच दिवशी कसे दुरुस्त झाले. विचारायला डोके लागते, आणि डोके तर आता एसीत ठेवलेले होते.

प्रेमलाताईंना कळले तेव्हा त्या छाणीला जाऊन ती तार चिठ्ठ्यांसकट घेऊन आल्या. माझ्याच खोलीत, अनवाणी उभ्या राहून म्हणाल्या, "धवलभाई, तारखा माझ्या हाताने पडल्यात. चूक माझी आहे, छाणीची नाही. दोन दिवस द्या, सगळ्या नीट भरून देते."

धवलभाईंनी तारेकडे पाहिलेसुद्धा नाही. "प्रेमलाबेन, सिस्टममां जे होय ए ज साचुं." सिस्टममध्ये असेल तेच खरे, म्हणे. गेली तिमाही पुन्हा उघडता येत नाही, तक्ता मोठ्या साहेबांना पाठवून झाला, असेही वर सांगितले.

भास्कररावांपुढे जायची ताईंना हिंमत नव्हती, तरी गेल्या. ते पाने-पक्कडी पुसून पेटीत ठेवत होते. त्यांनी ऐकून घेतले. "शुभ तारीख बघूनच घातलीत ना, ताई?" ते म्हणाले. "मग आमचं शुभच झालं." त्यानंतर कितीतरी दिवस ताई मला नुसत्या भरवत राहिल्या. पुटपुटणे थांबले.

पुढच्या दिवाळीत तक्रारी निम्म्याने घटल्या. घेणारेच कोणी उरले नव्हते. छाणीचा रकाना नाहीसा झाला, तक्ता सगळा हिरवा झाला. धवलभाईंनी पेढे वाटले. एक माझ्यापुढेही ठेवला. त्याला मुंग्या लागल्या.

मग माझ्याहून हुशार यंत्र आले आणि मला जिन्याखाली ढकलले. ताई निवृत्त झाल्या त्या दिवशी तिथे आल्या आणि ती तार माझ्यावर ठेवून गेल्या.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका. मला पुष्कळ जपले, त्याचा काही उपयोग झाला नाही. जपायचेच असेल तर लिहिणाऱ्याला जपा, आणि तक्ता बघण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोला. आणि जिन्याखाली आलातच, तर तारेवरची सगळ्यात वरची चिठ्ठी वाचा. तिच्यावर तेलकट बोटाचा ठसा आहे: "लक्ष्मीपूजन, संध्याकाळ सात. दवाखान्याचा पंप. चालू करून दिला. भास्कर."

माझ्या पोटात सारी कंपनी होती. ही एक ओळ नव्हती.