अर्धी अंगाई

भाऊरावांची कुंदा गेली त्याला सव्वा वर्ष झालं. तिचा आवाज उरला होता तो एका कॅसेटवर. लेक विनीता पाळण्यात असताना कुंदानं हौसेनं भरून ठेवलेली अंगाई, तीही अर्धीच. दुसऱ्या कडव्यात टेप संपली असणार, असं भाऊराव सांगत. विनीतानं ती कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर उतरवून दिली होती, पण आवाज डब्यातून आल्यासारखा येई. म्हणून म्हातारा गढा मोहल्ल्यातल्या दुकानात टेबलावर ठेवायचे स्पीकर घ्यायला गेला.

दुकानदारानं ढणढण वाजणारं काहीतरी लावलं. भाऊराव खेकसले, "भैया, ये बंद करो! मेरेवाला गाना बजाओ, हर जोड़ी पे वही." खेकसणं त्यांना जन्मभर चांगलं जमलं होतं.

पहिली जोडी स्वस्तातली, आवाज किरटा. दुसरीवर कुंदा विहिरीतून गात होती. तिसरीचे लाकडी डबे लागले आणि कुंदा समोरच येऊन बसली. बांगड्या वाजल्या, पाळण्याची कडी कुरकुरली. भाऊरावांचे डोळे भरून आले.

"यही दे दो," ते म्हणाले, तेवढ्यात दुसरं कडवं आलं.

"पीछे ये कौन चिल्ला रहा है, अंकल?" दुकानदारानं मागे नेऊन पुन्हा लावलं.

"कुंदे, बंद कर ते रडगाणं! रात्रपाळी करून आलो, झोपू दे!"

मग खट्ट. तिनंच बटण दाबलेलं.

"मोबाइल में ये भारी आवाज़ आती ही नहीं," दुकानदार कौतुकानं म्हणाला.

म्हणजे टेप संपली नव्हती. त्यानंतर कुंदा कधी गायली, हे भाऊरावांना काही केल्या आठवेना. आईला गाण्याचा नाद नव्हता, असं तेच लेकीला सांगत आले होते. आता कुणाची माफी मागायची?

"पहलीवाली दे दो," ते कसेबसे म्हणाले.

संध्याकाळी विनीता आली. "बाबा, काहून हे घेतले? पत्रा वाजल्यासारखं येऊन राहिलं."

"मला पुरे आहेत."

तिनं अंगाई लावली, डोळे मिटून सोबत गुणगुणली. दुसऱ्या कडव्यात आवाज तुटला.

"टेप नेमकी इथंच संपली, नाही का बाबा?"

"हो," भाऊराव म्हणाले. त्या किरट्या स्पीकरवरसुद्धा त्यांना तो ओरडणारा माणूस स्पष्ट ऐकू आला होता.