सत्तरची पुली

सकाळचा नेम आटोपून मी कारखान्यात गेले तेव्हा हे लेथवर वाकलेले होते. मला टायरमध्ये हवा भरायची टाकी पुसायची होती.

"आधी तिची हवा सोड," हे न बघताच म्हणाले.

मी चावी फिरवली. फुस्स करून हवा निघाली आणि काटा शून्यावर येऊन बसला.

"झाली रिकामी?"

"झाली," म्हटलं आणि फडकं धरलेला हात तिथेच थांबला. रिकामी कुठे झाली होती? खोलीत जेवढी दाट हवा, तेवढी टाकीतही होतीच की. काटा फक्त ती मोजत नव्हता.

मला आठवड्यापूर्वीचं माझं गणित आठवलं.

माझा धाकटा भाऊ आज घाटचढणीच्या शर्यतीत उतरणार होता. एका जागी बसत नाही म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणतात. चार वर्षं अर्ज केल्यावर यंदा त्याचा नंबर लागला होता. त्याच्या गाडीला सुपरचार्जर आहे, म्हणजे इंजिनाच्याच बेल्टवर फिरणारा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. त्याची पुली जितकी लहान, तितका तो जोरात फिरतो.

आठवड्यापूर्वी भिंगरी म्हणाला होता, "ताई, ऐंशी मिलिमीटरची पुली काढून सत्तरची घातली तर दाब किती बार होईल? शून्य पूर्णांक सहाच्या वर जाता कामा नये. त्यापुढे पेट्रोल पुरत नाही, पिस्टन वितळतो."

घरातली आकडेमोड माझ्याकडेच असते. जुन्या पुलीवर काटा अर्धा बार दाखवायचा. मी अर्ध्याला ऐंशीने गुणलं, सत्तरने भागलं. शून्य पूर्णांक सत्तावन्न. "बसतंय," म्हटलं. यांनी पुली कातून दिली.

पण पुली सगळीच हवा वाढवते. काट्याला दिसते तीही आणि दिसत नाही तीही. बाहेरची हवा एक बार आणि वरचा अर्धा, मिळून दीड. मी खडूने फरशीवरच गणित मांडलं. दीड गुणिले ऐंशी, भागिले सत्तर, वजा एक. शून्य पूर्णांक एकाहत्तर.

"अहो, इकडे या."

हे आले, चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. "पण दोन दिवस गावात चालवली की त्याने."

"गावात ॲक्सिलरेटरवर पाय पूर्ण दाबता येतो का?"

यांनी जाऊन लेथ बंद केला.

भिंगरीचा फोन लागेना. शर्यतीच्या जागी सगळ्यांचे फोन काढून ठेवतात. चूक कळली की दिवस मावळायच्या आत ती सांगायची, हा माझा रोजचा नेम. मन हळूच म्हणालं, संध्याकाळी सांगितलंस तरी नेम मोडत नाही. त्याचा एवढा मोठा दिवस, कशाला विरजण घालतेस? तसा विचार मी केला, अगदी एक घटकाभर केला, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

मग जुनी पुली पिशवीत टाकली आणि स्कूटर काढली.

घाटाच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागली होती. निशाणवाल्याने मला अडवलं. "बाई, इथे थांबता येणार नाही."

"मी त्याची बहीण आहे."

"आज सगळ्यांच्याच बहिणी आल्यात."

मी त्याच्या हाताखालून निघून गेले. भिंगरीपुढे चार गाड्या होत्या. हेल्मेटमधून त्याचे डोळे हसले.

"ताई, आता काय? मागे चाकाचा नट सैल आहे म्हणून दहा किलोमीटरवरून परत बोलावलंस. नट घट्ट होता!"

"या वेळी नट नाही रे. माझं गणित चुकलं."

"काय?"

शेजारची गाडी गुरगुरत होती आणि माझा आवाज तो केवढा! मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी याआधी कधी बोलले असेन असं वाटत नाही. "सत्तावन्न नाही, एकाहत्तर! बाहेरची हवा धरलीच नाही मी!"

त्याचं हसू विरलं. "मी काटा बघत जाईन."

"वळणावर काटा बघशील की रस्ता?"

"पाय हळू दाबेन."

"भिंगरी, तू आणि हळू?"

पुढची एक गाडी सुटली. तो खाली उतरला. "जुनी पुली आणलीस?"

मी पिशवी पुढे केली.

"आणि जुना बेल्ट?"

लहान पुलीसाठी बेल्टही आखूड घातला होता. तो मोठ्या पुलीवर चढणार नव्हता. जुना बेल्ट कारखान्यात खिळ्याला लटकत होता. "तो राहिला," मी म्हटलं.

दोन गाड्या उरल्या. त्याने बॉनेट उघडलं, पाना घेतला, ताण सैल केला आणि बेल्ट ओढून माझ्या हातात दिला.

"पंपाशिवायही चालते गाडी. म्हाताऱ्यासारखी."

निशाण पडलं. गाडी खोकत सुटली तसा मागच्याने आवाज दिला, "अरे, भाजी आणायला निघालास का?"

तिसऱ्या वळणापर्यंत आवाज येत होता. पुढे काहीच नाही. मी मनात देवाचं नाव घेत राहिले, मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून धरली, पुन्हा चुकली. बेल्ट नसला तरी दगड आहेत, दरी आहे. निशाणवाल्याची वॉकीटॉकी नुसती खरखरत होती. मग तिच्यातून आवाज आला, "पोचला."

भिंगरी शेवटून दुसरा आला होता. शेवटच्याचं चाक वाटेतच निखळलं होतं.

तो गाडी घेऊन खाली आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "कदाचित काही झालंही नसतं."

"कदाचित."

"झेललं असतं इंजिनाने."

"झेललं असतंही."

"ताई, निदान नक्की फुटलं असतं असं तरी म्हण ना!"

म्हणावंसं फार वाटलं. त्याला बरं वाटलं असतं, मलाही.

"ते मला माहीत नाही रे," मी म्हटलं.

त्याने हेल्मेट मांडीवर ठेवलं आणि पुढच्या काचेतून चढाकडे बघितलं. मग बेल्टसाठी हात पुढे केला. मी बेल्ट दिला.

"घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस."

मी मान हलवली आणि स्कूटर त्याच्या गाडीमागे ठेवली, घरापर्यंत.