भूकंपाचे पेढे

पेढे कशाचे वाटतात, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. मुलगा झाला, लेक पास झाली, नवी गाडी आली, भावकीतला दावा जिंकला. पण भूकंपाचे पेढे कुणी वाटल्याचं ऐकलंय कधी? कात्रजच्या एका कॉलनीत हिराताईंनी ते वाटले, पाडव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी. दारोदार जाऊन वाटले.

"पाडव्याचे का, ताई?" दुकानदारानं खोक्याला दोरा बांधता बांधता विचारलं.

"नाही. काल ब्रह्मदेशात भूकंप झाला ना, त्याचे."

दुकानदार हसला. त्याला वाटलं, बाई पुणेरी आहेत, तिरकं बोलतायत. पण हिराताईंच्या चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा हलली नाही, तेव्हा त्यानं मुकाट्यानं खोकं पुढं सरकवलं.

"घ्या, तोंड गोड करा," असं म्हणत त्या जिन्यानं वर चढत गेल्या. कुणी न कळून घेतला, कुणी कळूनसुद्धा घेतला. समोरच्या बिल्डिंगमधल्या बद्रीनाथांनी तर दोन उचलले. ही कॉलनी हिराताईंना ओळखून होती, आणि त्यांच्या मुलाचं, समाधानचं, काय झालं तेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं बाईला बोलायचं कुणी?

बोलल्या त्या एकट्या सत्यशीलाताई. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या अध्यक्ष, आणि जिभेनं चाकूसारख्या. त्यांनी पेढ्याकडं पाहिलं, मग हिराकडं पाहिलं.

"हिरा, माणसं गाडली गेलीत तिथं."

"कळतंय की. म्हणून तर आणले."

"मग मला मधुमेह आहे असं समज," म्हणत सत्यशीलाताईंनी दार लावून घेतलं.

आता समाधानचं सांगायला हवं. बाप लहानपणीच गेला. हिराताईंनी महापालिकेत कारकुनी करून पोराला बी.कॉम. केलं. एका एजंटानं बँकॉकला कॉम्प्युटरवरचं काम आहे म्हणून सांगितलं, पोरगं विमानात बसलं, आणि उतरल्यावर त्याला गाडीत घालून नदीपलीकडं ब्रह्मदेशात नेलं. उंच भिंती, वर काटेरी तारा. आत शेकडो पोरं कोंडलेली. दिवसरात्र फोनवरून जगभरच्या लोकांना फसवायचं, आणि फसवलं नाही तर मार खायचा. समाधाननं एका म्हाताऱ्या बाईला फसवायला नकार दिला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं लोखंडी नळीनं मोडली. हे सगळं चालायचं तिथल्या फौजेच्या आशीर्वादानं. कित्येक महिन्यांनी सुटून तो घरी आला तो असा, की आईनं हाक मारली तरी दचकायचा.

त्या दिवसापासून हिराताईंच्या पोटात एक आग होती. ती विझावी असं त्यांना वाटतच नव्हतं. उलट त्या रोज तिच्यात काहीतरी टाकायच्या. शुक्रवारी दुपारी टीव्हीवर बातमी आली. इमारती कोसळल्या, पूल पडला, मेलेल्यांचा आकडा चढू लागला. आणि प्रत्येक वेळी आकडा बदलला की ही बाई दात-ओठ खात म्हणायची, "अजून! अजून पडू दे!" समाधान उठून आतल्या खोलीत गेला. तिचं लक्षही नव्हतं.

खरं सांगायचं तर, सुडाला पहिली शिकार मिळाली ती भूकंपाच्या कितीतरी आधी, आणि अगदी गरीब मिळाली. भन्ते विमल नावाचे एक ब्रह्मी भिक्खू पुण्यात पाली शिकायला आलेले. विहारात राहायचे, पोरांना शिकवायचे, पोरांकडून मराठी शिकायचे. रविवारचं त्यांचं भोजन वर्षानुवर्षं हिराताईंकडं असे. समाधान त्या अवस्थेत परत आला आणि हिराताईंनी ते भोजन बंद केलं. कारण? माणूस त्या देशाचा. बस्स, एवढंच कारण! पुढच्या रविवारी ते दारावरून खाली मान घालून पुढं गेले, आणि हिराताईंना त्या दिवशी बरं वाटलं.

तर शनिवारी संध्याकाळी हेच भन्ते जिना चढून आले. हिराताईंनी त्यांचा चेहरासुद्धा धड पाहिला नाही. "घरात कुणी नाही," म्हणाल्या आणि दार लोटलं. आतून समाधानचा खोकला ऐकू येत होता.

रविवारी दुपारच्या आत ते पुन्हा आले. या वेळी सत्यशीलाताई बरोबर होत्या, आणि त्यांच्या तोंडावर दार लावायची छाती कॉलनीत कुणाची नव्हती.

"मुद्द्याचं बोलते," सत्यशीलाताई बसल्या बसल्या म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी विहारात सभा आहे. सगळ्या देशांना आवाहन करायचंय, आपल्या सरकारलाही. मदत पाठवा, आणि ती अडवणाऱ्या फौजेवर दबाव आणा. वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलंय. आम्ही चार म्हातारी माणसं बोललो तर कुणी छापणार नाही. समाधाननं त्या फौजेचा कारभार डोळ्यांनी पाहिलाय. त्यानं बोलावं."

"मदत?" हिराताई उठूनच उभ्या राहिल्या. "त्या लोकांना? माझ्या पोराचा हात बघितलात तुम्ही? घास कालवता येत नाही त्याला! मदत कसली, माझ्या हातात असतं तर उरलेला देशही..."

वाक्य तिथंच सोडून त्या आत गेल्या आणि पेढ्याचं खोकं घेऊन आल्या. त्यात शेवटचे काही उरले होते. भिक्खूनं दान नाकारायचं नसतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच त्यांनी एक पेढा उचलला.

"हात पुढं करा, भन्ते."

भन्तेंनी दोन्ही हात पुढं केले. पेढा तळव्यावर पडला.

"हा कशाबद्दल, हिराताई?"

"तुमच्याकडच्या भूकंपाबद्दल."

"हिरा!" सत्यशीलाताई ओरडल्या. "लाज वाटू दे काहीतरी!"

भन्ते पेढ्याकडं बघत राहिले. त्यांचं मराठी पुस्तकातलं, सावकाश, एकेक शब्द नीट ठेवत बोलायचे ते.

"परवा त्यांच्याकडेही गोडाचं जेवण झालं असेल," ते म्हणाले.

"कुणाकडं?"

"सेनापतींकडे."

हिराताईंनी खोक्याचं झाकण लावलं.

"जिथे भूकंप झाला त्या माझ्या भागातल्या लोकांनी फौजेविरुद्ध बंड केलं आहे. फौज चार वर्षं आमच्यावर बॉम्ब टाकते आहे. जे बॉम्बने जमलं नाही ते एका दुपारी जमिनीने करून दिलं. भूकंपानंतरसुद्धा विमानं आली, हिराताई, आणि पुन्हा बॉम्बच टाकून गेली. माझी बहीण मठाच्या शाळेत शिकवते. ती भिंतीखाली आहे. तिचा आवाज येतो. गावकरी हातांनी विटा काढत आहेत. विटा उचलायचं यंत्र नदीच्या पलीकडे आहे, आणि नाक्यावर फौज आहे. ती यंत्र सोडत नाही. परदेशी डॉक्टरांनाही सोडत नाही. त्यांना आमचे लोक मेलेले हवे आहेत. भिक्खूला राग येऊ नये. मला येतो. रात्रभर मी त्यांना शाप दिले. पण मग सत्यशीलाताईंनी मला पेढ्यांचं सांगितलं, आणि मला वाटलं, एकाच बातमीने दोन ठिकाणी आनंद झाला. एक त्यांच्या घरी, आणि एक इथे."

तोंडात मारल्यासारखं झालं! पण हिराताई इतक्यात हार मानणाऱ्या नव्हत्या.

"माझ्या पोराची बोटं मोडली तेव्हा कुठं होतात तुम्ही?"

"बहुतेक ग्रंथालयात," भन्ते खरं तेच बोलले. "मी काहीच केलं नाही. करता आलं असतं का, तेही मला माहीत नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. समाधान बाहेर आला. परत आल्यापासून चार माणसांसमोर तो आज पहिल्यांदाच येत होता. भिंतीला टेकून उभा राहिला, वाकडी बोटं दुसऱ्या हातानं धरून.

"आई, भन्ते खरं बोलतायत. फौजेचा एक साहेब तिथं जेवायला यायचा. तो जेवत असताना आम्हाला रांगेत उभं करायचे. माझा हात मोडला ना, तेव्हा तो समोर बसून नूडल्स खात होता. हसला तो." समाधाननं तो हात पुढं धरला. "तो आज मजेत असेल, आई! त्याच्या घराला साधा तडा गेला नसेल. मेली ती त्याच्याशी भांडणारी माणसं. आणि आपण त्याचे पेढे वाटतोय! त्या माणसाचे!"

इतके दिवस जी आग हिराताई सांभाळत होत्या ती कुणाच्या चुलीखाली जळत होती, हे त्यांना आत्ता कळलं. ज्याचा गळा धरायला त्यांचे हात शिवशिवत होते, त्याच्याच पंगतीला त्या जाऊन बसल्या होत्या, आणि वर वाढपीही त्याच झाल्या होत्या! शरमेनं त्यांचं तोंड काळं पडलं. पण शरमेपेक्षाही संताप मोठा होता. आपल्याला फसवलंय, आपल्या दुःखाचासुद्धा त्या माणसांनी फायदा उठवलाय, असा संताप.

"द्या तो इकडं," त्या भन्तेंना म्हणाल्या आणि त्यांच्या हातातला पेढा परत घेतला. खोक्यासकट तो ओल्या कचऱ्याच्या बादलीत गेला. मग त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. बारा वाजत आले होते, आणि बारानंतर भिक्खू जेवत नाहीत. सकाळच्या भाकऱ्या होत्या. पिठलं टाकलं, कांदा फोडला, ताट मांडलं. भन्ते जेवले. समाधाननं डाव्या हातानं त्यांना पाणी वाढलं.

दुपारी हिराताई पुन्हा त्याच जिन्यांवरून फिरल्या.

"कालचा पेढा परत हवाय."

"अहो, खाल्ला की तो!"

"मग त्याच्या बदल्यात या आवाहनावर सही करा. आणि उद्या संध्याकाळी विहारात या. मी चुकीच्या माणसांच्या मरणाचा पेढा तुम्हाला चारला. चूक माझी आहे, पण खाल्लात तुम्हीही."

सोमवारी सकाळी भन्तेंना निरोप आला. भिंतीखालचा आवाज थांबला होता. यंत्र अजून नाक्यावरच होतं.

आता, पुण्यातल्या एका विहारातली सभा शनिवारी झाली असती तर ती बाई वाचली असती का? नसती. एवढ्यानं नाके उघडत नाहीत. पण शनिवारी संध्याकाळी आवाज येत होता आणि आपण दार लावलं, एवढं हिराताईंच्या काळजात रुतलं ते रुतलंच. ते कुणी काढूही नये.

सभेला विहार भरला. समाधान बोलला, अडखळत, घामाघूम होत, पण शेवटपर्यंत बोलला. वर्तमानपत्रवाल्यांनी त्याच्या हाताचा फोटो घेतला. तो बसला तसे बद्रीनाथ उठले.

"सगळं ठीक आहे हो. पण पाठवलेलं सगळं ती फौजच खाणार. मग पाठवायचं कशाला? आणि आपल्या देशात काय कमी प्रश्न आहेत?"

हिराताई जागेवरून उठल्या. बोलणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, तरी व्यासपीठावर आल्या.

"बद्रीनाथ, परवा दोन पेढे खाल्लेत, तेव्हा आपल्या देशातले प्रश्न नाही आठवले?" सभेत हशा झाला, पण हिराताई हसल्या नाहीत. "फौज खाते, म्हणून मदत बंद करा म्हणता. म्हणजे चोरी त्यांनी करायची आणि उपाशी मरायचं गाडलेल्यांनी! मी महापालिकेत आयुष्य काढलं. मधला माणूस खात असेल तर वस्तीचं पाणी तोडत नाहीत, त्या मधल्या माणसाला बाजूला काढतात. जगातल्या सगळ्या देशांना आमचं सांगणं आहे. डॉक्टर पाठवा, तंबू पाठवा, यंत्रं पाठवा, पण सेनापतींच्या हातात देऊ नका. मठांच्या हातात द्या, गावकऱ्यांच्या हातात द्या, सीमेवरून द्या. आपल्या सरकारनं नाका उघडेपर्यंत त्यांच्या मानगुटीवर बसावं, आणि सरकार बसेपर्यंत आपण सरकारच्या! अर्ज दाबला तर दुसरा करू. मला हाकलायला अजून कुठल्या ऑफिसला जमलेलं नाही."

आता कुणी हसलं नाही.

"तुम्हाला वाटेल, हिरा पाघळली, क्षमाशील झाली. छे! मी कुणालाही क्षमा केलेली नाही. माझ्या पोराची बोटं मी विसरणार नाही, आणि भन्तेंच्या बहिणीचा आवाजही विसरणार नाही. पण त्या राक्षसांना जी माणसं मेलेली हवीत, ती जगली पाहिजेत. ज्या शाळा पडलेल्या हव्यात, त्या उभ्या राहिल्या पाहिजेत. ढिगाऱ्याखालून निघालेलं एकेक माणूस उद्या त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभं राहील. याहून मोठा सूड मला तरी माहीत नाही!"

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. बद्रीनाथांनी सही केली, ती जरा जास्तच ठळक केली.

बंधू-भगिनींनो, आपल्या सगळ्यांच्याच घरात असं एखादं पेढ्याचं खोकं असतं. कुणा देशावर, कुणा जातीवर, कुणा धर्मावर आपला राग असतो आणि तो कधी कधी खराही असतो. पण तिथं जमीन हलली, पूर आला, आग लागली, की खाली सापडतो तो राज्य करणारा नसतो, त्याच्या टाचेखालचा असतो. जुलमी सरकारच्या रागापायी त्याच्या प्रजेची मदत अडवणं म्हणजे त्या जुलमाला आपण आपल्या हातानं मदत करणं. राग जरूर ठेवा. पण तो ज्याचा त्याच्या दारात नेऊन पोचवा, आणि संकटात सापडलेल्यासाठी आपलं दार उघडं ठेवा.

भन्ते रविवारी पुन्हा हिराताईंकडं जेवतात. ताटात सगळं असतं, फक्त गोड नसतं. एकदा सत्यशीलाताईंनी विचारलं, "काय गं, खीर वगैरे काही नाही?"

"नाही," हिराताई म्हणाल्या. "ते सेनापती ज्या दिवशी कोर्टात पिंजऱ्यात उभे राहतील, त्या दिवशी मी आख्ख्या कात्रजला पेढे वाटणार आहे. तोपर्यंत या घरात गोड बंद."

"त्या दिवशी मला मधुमेह नसेल," सत्यशीलाताई म्हणाल्या.