अंजूचं कूळ

मी खोटं काही बोलली नव्हती, हे आधी सांगून ठेवतो. फळ्यावर जे लिहिलं होतं तेच मी सांगतलं. अन् फळ्यावर लिहिणारी कोण, तर माही सून, डॉक्टर उत्तरा. ती भाषेची डॉक्टर हाये. तिच्यानं ताप उतरत नाही, पण कोणता शब्द कोणत्या गावावरून आला ते बरोबर सांगते. तरी आमच्या घरची रीत अशी का भलं झालं तर उत्तराच्या शिक्षणानं, अन् बिघडलं तर रंभाबाईच्या तोंडानं. रंभाबाई म्हणजे मी.

नागपुरात नंदनवनात आमचं घर हाये. वरची खोली किरायानं देतो. तिथं दोन वर्षांपासून अन्यांगो नावाची पोट्टी राहते. केनिया देशातली, किसुमू गावची, इथं फार्मसी शिकून राहिली. उंच एवढी का पंख्याची पाती स्टुलाशिवाय पुसते. अन्यांगो म्हणजे सकाळचं ऊन चढताना जन्मलेली. एवढं नाव माह्या जिभेले झेपत नाही, म्हणून मी तिले अंजू म्हणतो. आली त्या दिवशी मे महिन्याचं ऊन, पोरगी बेजार. मले इंग्रजी येत नाही, तिले हिंदी येत नव्हती. गळ्याले हात लावून म्हणे, "पी". मी तांब्या हातात देला अन् म्हणलं, "पी". ती प्याली. तिच्या भाषेत पी म्हणजे पाणी. दोघींचंही काम झालं. उत्तरा म्हणे, आई, हा नुसता योगायोग आहे, यावरून नातं ठरत नाही. तिले प्रत्येक गोष्टीत नियम पायजे.

मग आला ओटिम. युगांडाचा, इथं शेतीचं शिकून राहिला, जगनाडे चौकात खोली करून राहते. त्याचं मी उत्तम केलं. यांची गाठ कशी पडली तेही ऐका. सीताबर्डीले बसच्या गर्दीत कोणीतरी अंजूच्या पायावर पाय देला. तिनं तिच्या भाषेत सणसणीत शिवी हासडली, अन् मागून एक पोट्टा खदखदून हासला. आपल्या गावापासून एवढ्या दूर, आपली शिवी समजणारा माणूस भेटल्यावर दुसरं काय होईन? प्रेमच होईन ना.

तिची भाषा लुओ, त्याची अचोली. ती तिच्यात बोलते, तो त्याच्यात बोलते, अन् गाडी चालते. मधे मधे खड्डे येतात. माह्या हातची भाजी-भाकर खाऊन त्यानं "आपोयो" म्हणलं. त्याच्यात ते आभार. अंजूच्या भाषेत तसाच शब्द म्हणजे ससा, तर ती हासू हासू लोळली. मासोळीले मात्र दोघंही रेच म्हणतात. मी त्यायले समजावलं का बाबाहो, नागपुरात जेवताना हा शब्द काढू नका, इथं त्याचा अर्थ पोटाच्या खाली जाते.

तर झालं असं का या दोघांले लग्न करायचं होतं. अंजूले आई नाही. बाप ओधियाम्बो, रिटायर मास्तर, अन् तो काही केल्या मानून नाही राहिला. पोरगा परक्या देशाचा, परक्या घरचा, त्याची माणसं कोण हे कोणाले ठाऊक, असं त्याचं म्हणणं. बापाचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. शेवटी तो पोरीले म्हणाला का तुह्या घरमालकिणीनं पोराले पाहिलं हाये, तिलेच विचारतो. रविवारी फोन लावून दे. ती जे सांगंन त्यावर मी हो किंवा नाही ठरवीन. अंजू खाली येऊन माह्या पायाशी बसली अन् म्हणाली का आमच्यात सोयरीक जमवणाऱ्याले जागाम म्हणतात, तुम्ही माही जागाम व्हा. मी कायले नाही म्हणंन? माह्या हातानं जमलेल्या सोयरीकी नरखेडपासून खाप्यापर्यंत सुखानं नांदून राहिल्या. एक सोडली तर. पण तो पोट्टाच भैताड होता.

शनिवारी उत्तराचं व्याख्यान होतं. विषय म्हणे, नायलोटिक भाषाकूळ. शब्द बोलून दाखवाले अंजू-उत्तमले नेलं, अन् पहिल्या रांगेत खुर्ची भराले मले नेलं. तिनं फळ्यावर झाड काढलं. बुडाशी नायलोटिक, वर तीन फांद्या. पश्चिमेकडची, पूर्वेकडची, दक्षिणेकडची. मी सगळं नीट समजून घेतलं, आपल्या हिशोबानं. डिंका अन् न्युअर ह्या एका चुलीवरच्या. लुओ-अचोली त्यायच्याच वाड्यातल्या, पण चूल वेगळी. मसाई पूर्वेच्या फांदीवरची, म्हणजे लग्नाची पत्रिका येते पण जायची सक्ती नाही. अन् दक्षिणेची कालेंजिन म्हणजे सुतक फक्त आंघोळीपुरतं. उत्तमनं पाण्याले पी म्हणलं, अंजूनं पी म्हणलं, डिंकात म्हणे पिउ म्हणतात, मसाईत एंकारे. लोकायनं टाळ्या वाजवल्या.

मग उत्तरानं खडू अंजूच्या भाषेवर ठेवला, तिथून उत्तमच्या भाषेवर नेला, अन् सगळ्या सभागृहात मोठ्यानं बोलली का या दोघी एकाच कुळातल्या सख्ख्या बहिणी आहेत.

माह्या पायाखालची जमीन सरकली. एकाच कुळातले. म्हणजे भाऊकी. म्हणजे भाऊ-बहीण. अन् मी उद्या बापापुढं बसून यायचं लग्न लावणार होती! बाजूले पाहिलं तर दोघं एकमेकाले कोपर मारून हासून राहिले होते. 

उत्तरा तिथूनच महाल भागात माहेरी गेली. मी घरी येऊन आमच्या मालकाले, गणपतरावले सांगतलं. ते तलाठी होते, जन्म सातबाऱ्यात गेला. कूळ म्हणल्यावर त्यायच्या डोक्यात एकच गोष्ट येते, दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस. ते म्हणे, देश दोन, जमिनी दोन, मग कूळ एक कसं राहीन, फेरफार पाहावा लागंन. अशा माणसाशी काय बोलता. रात्रभर डोळ्याले डोळा लागला नाही. पोरीच्या तोंडाकडं पाहून खोटं बोलावं, का जे हाये ते सांगावं? पण जागाम झाली ना मी. मध्यस्थानं कूळ लपवलं तर त्याले नरकातही जागा नाही.

रविवारी मोठ्यांच्या बोलण्यात पोरं नको म्हणून दोघाले वर बसवलं. माहा पोरगा विक्रम भाषांतराले. फोनवर ओधियाम्बो मास्तर दिसले. पांढरी दाढी, कोट, मागे भिंतीवर अंजूच्या आईचा फोटो. आधी पोरगा कसा हाये ते सगळं सांगतलं. निर्व्यसनी, मेहनती, ताटात टाकत नाही. म्हातारा मान हलवून राहिला होता, चेहरा नरम झाला होता. तिथंच थांबायचं ना, रंभाबाई. पण नाही.

"विक्रम, त्यायले सांग, पोरगा सोन्यासारखा हाये, पण दोघं एकाच कुळातले हायेत. आमच्या डॉक्टरबाईनं शोधून काढलं."

विक्रमनं जसंच्या तसं सांगतलं. बायकोच्या विषयातलं त्याले तेवढंच समजते जेवढं मले. म्हाताऱ्यानं दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला का आमच्यातही एका कुळात लग्न होत नाही, बापजाद्यांपासून होत नाही, तुम्ही खरं सांगतलं म्हणून तुमचे उपकार. मग त्यानं पोरीले फोन केला, अन् वरून रडण्याचा आवाज आला तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. उत्तम पायरीवर डोकं धरून बसला. त्याले समजूनच नाही राहिलं का एका रात्रीतून तो तिचा भाऊ कसा झाला. मी वर चहा नेला, अंजूनं दार उघडलं नाही. माहं काळीज तुटलं, पण मनात म्हणलं, रंभे, धर्म पाळला तू.

संध्याकाळी उत्तरा आली. ऐकलं अन् आधी हासली. मग वरचा आवाज ऐकून तिचा चेहरा उतरला. मग भडकली. आई, भाषेचं कूळ वेगळं, माणसाचं वेगळं, म्हणे. मी म्हणलं, मग शब्द काहून एकच घेतला वं? तुमच्या विद्यापीठात शब्दाचा दुष्काळ पडला का? बहिणी म्हणतेस, सख्ख्या म्हणतेस, कूळ म्हणतेस, झाड काढतेस, अन् मी भाऊ-बहीण समजली तर मीच अडाणी? ती जराशी गडबडली. मग खुर्ची ओढून बसली अन् हळू आवाजात सांगतलं का आपली मराठी, हिंदी, बंगाली, इतकंच काय इंग्रजीसुद्धा एकाच भाषाकुळातली. तुमच्या हिशोबानं पाहिलं तर माझं अन् विक्रमचं लग्नच मोडतं. विक्रम तेवढ्यात पाणी पिऊन राहिला होता, त्याले ठसका लागला. मी मनात हिशोब केला. कलकत्त्यापासून नागपूरपर्यंत सगळ्यायची लग्नं मोडत होती. मग मात्र मी डोक्याले हात लावला.

मी स्वतः वर गेली अन् दाराबाहेरून म्हणलं, अंजू, चुकी शब्दाची हाये, पण तोंड माहं होतं, दार उघड. तिनं उघडलं. डोळे सुजून भजे झाले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावला. या खेपेला सगळे खाली बसवले. म्हातारा मास्तरही झोपला नव्हता. त्यानं गावातल्या जुन्या माणसायले विचारत विचारत सगळी पाळंमुळं काढली होती. आमचे पूर्वज नाईल नदीच्या काठाकाठानं दक्षिणेकडं सरकले, म्हणे, काही युगांडात थांबले, काही पुढं तळ्याकाठी आमच्याकडं आले. तुमच्या डॉक्टरबाई बरोबर असतील. उत्तरानं इंग्रजीत भाषेचं कूळ अन् माणसाचं कूळ समजावून सांगतलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यानं जे विचारलं ते उत्तरानं मले मराठीत सांगतलं.

"ते म्हणतात, मी नको म्हणत होतो कारण मुलगा परका होता. काल तुम्ही म्हणालात तो भाऊ आहे. आज म्हणता भाऊ नाही. मग तो आहे तरी कोण?"

उत्तरानं तोंड उघडलं, पुन्हा पश्चिमेची फांदी निघाली. मी तिचा हात दाबला. हे फांदीचं काम नव्हतं, जागामचं होतं. अंजू माह्याकडं पाहून राहिली होती, अन् मले समजलं का आता जे बोलीन त्यावर पोरीचा जन्म जाणार.

"त्यायले म्हण, सोयरा. भाऊ नाही अन् परकाही नाही. भावाशी लग्न होत नाही, परक्याचा भरोसा नसते. बोललेलं समजंन एवढा जवळचा, अन् पोरगी देता येईन एवढा दूरचा. त्याले आमच्यात सोयरा म्हणतात."

आता सोयऱ्याले इंग्रजी शब्द सापडेना. भाषेची डॉक्टर छताकडं पाहून राहिली. तेव्हा अंजूनं तिच्या भाषेत एक शब्द म्हणला. मागून उत्तमनं त्याच्या भाषेत म्हणला, जरासा वेगळा. म्हातारा सरसावून बसला. मग तो थेट उत्तमशीच बोलाले लागला, हळूहळू, त्याच्या लुओत. उत्तम अचोलीत उत्तर देऊन राहिला. मले शब्द एक समजत नव्हता, पण काय चालू हाये ते लगेच समजलं. बापाचं कूळ. आईचं कूळ. आजीचं माहेर. नरखेडात माहा सासरा पोरगा पाहाले गेला का याच क्रमानं विचारे. एका ठिकाणी उत्तमचा शब्द घसरला, म्हाताऱ्यानं तो दुरुस्त केला, अन् दोघंही हासले. अंजूनं माहा दंड एवढा दाबला का वळ उठला. एकही कूळ जुळत नव्हतं. म्हणजे सोयरीक बसत होती.

शेवटी म्हातारा माह्याकडं वळला. इंग्रजी सोडली अन् मागच्या फोटोकडं हात करून त्याच्याच भाषेत बोलला. उत्तम सांगाले पुढं झाला, मी त्याले हातानं थांबवलं. पोरीचा बाप अशा वेळी दुसरं काय बोलंन?

"हव भाऊ," मी म्हणलं. "पोरीची काळजी करू नका. मी हाये."

मग उत्तरा हळूच म्हणाली, "आई, तुम्ही त्यांना भाऊ म्हणालात. म्हणजे अंजूच्या तुम्ही आत्या लागता. तुम्ही दोघी एका कुळातल्या झालात."

हे काही माह्या ध्यानात आलं नव्हतं. उत्तरानं अंजूले आत्या म्हणजे काय ते समजावलं, बापाची बहीण. पोरगी उभी राहिली, अर्धी वाकली, माह्या खांद्यावर डोकं ठेवलं अन् म्हणाली, "आत्या". मी रडली, बम रडली. तिकडं मास्तर विचारून राहिले का काय झालं, अन् उत्तरा इंग्रजीत सांगाले निघाली. मी म्हणलं, राहू दे वं, त्याले दिसून राहिलं.