बैठकीची जागा

आमच्या मंगल कार्यालयात माणूस ज्या जागेवर बसतो, त्या जागेचं मत त्याला येतं. ताप यावा तसं येतं आणि उठला की उतरतं.

पंख्याखालच्या लाल सोफ्यावर होकार आहे. दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तक्रार आहे. तिथं बसलेल्याला मठ्ठ्यात मीठ कमी लागतं, मठ्ठा अजून वाढलेला नसला तरी. हात धुण्याच्या नळाशेजारच्या कट्ट्यावर समोरच्या घराण्याविषयी शंका आहे. जिन्याखालच्या बाकावर वैराग्य आहे. तिथं मी सहसा कुणाला टेकू देत नाही. एकदा एक वरबाप तिथं बूट घालायला बसला आणि बूट घालून सरळ निघून गेला. अक्षता पडायच्या होत्या.

हे कार्यालय मी चालवतो. मानपानावरून दोन व्याही हमरीतुमरीवर आले, की मी एवढंच म्हणतो, "अहो, इकडं वाऱ्याला बसा की." सोफ्यावर टेकले की दोघंही एकमेकांपुढं पानाचा डबा सरकवायला लागतात. गावात म्हणतात, मगदुमांची जीभ गोड. माझी जीभ कोण चाखतंय? मी माणसं बदलायच्या भानगडीत पडत नाही, खुर्च्या हलवतो. कोण कुठं बसला की काय होतं, याचा जमाखर्च माझ्या डोक्यात पक्का आहे. वकील प्लास्टिकच्या खुर्चीवर तासभर टिकतो. शिक्षकाला सोफा लवकर चढतो. नवऱ्या मुलाच्या आत्याला कुठंही बसवा, ती कट्ट्यावर जाऊन पोचते.

आमच्या भागात लग्न ठरवायला दोन्हीकडची मंडळी जमतात, त्याला बैठक म्हणतात. लोकांना वाटतं, बैठकीत माणसं ठरवतात.

पद्मजा माझी मुलगी. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचे नमुने तपासते. तिला चौगुल्यांचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर भरलेलं, नाव ठेवायला जागा नाही. मी शोधून बघितली होती. मंडळी कार्यालयातच मुलगी बघायला आली, तेव्हा मुलाच्या बाजूनं त्याचे मामा बोलत होते. बाळगोंडा मामा. पोट पुढं, टोपी मागं, आणि बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर थापटायची सवय.

"काय पोरी," मामा म्हणाले, "पसंत हाय न्हवं आमचा पोरगा?"

"हो," पद्मजा म्हणाली आणि लाजली.

पद्मजा लहानपणापासून कधी लाजलेली नाही. मी दचकून बघितलं. ती लाल सोफ्यावर बसली होती. मीच बसवलं होतं. मुलगी दाखवायची म्हणजे सोफ्यावर बसवायची, एवढी सवय हाताला झालेली, की स्वतःच्या मुलीच्या वेळीही हातानं तेच केलं.

"मग येत्या रविवारी सुपारी फोडू," मामांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "आमच्याकडं एकदा सुपारी फुटली की शब्द फुटत न्हाई."

आमच्याकडंही तसंच आहे. सुपारी फुटेपर्यंत काहीही बोलता येतं, नंतर नाही.

आम्ही कार्यालयाच्या वरच राहतो. संध्याकाळी पद्मजा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही."

मग उठून दिवाणावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

"पद्मे, नक्की काय ते सांग."

"अप्पा, स्टुलावर विचारताय की दिवाणावर?"

माझी बायको विमल भाकरी थापत हसली. पद्मजा हसली नाही.

"चेष्टा नाही," ती म्हणाली. "मलाही कळायला पाहिजे. प्रयोगशाळेत नवा नमुना घ्यायच्या आधी आम्ही नळी धुऊन घेतो. नाहीतर आधीच्याचा गोडवा पुढच्यात येतो. माझी नळीच धुतली जाईना."

मी तिला स्कूटरवर मागं बसवून गावाबाहेर नेलं. स्कूटरवर मागच्याला पुढच्याचं मत येतं. वाटभर ती माझंच बोलणं माझ्याच शब्दांत मला ऐकवत राहिली. मी इतका कंटाळवाणा बोलतो हे मला माहीत नव्हतं. एसटी स्टँडच्या बाकावर म्हणाली, "सगळ्याच जातात, मीपण जाईन." नदीच्या घाटावर म्हणाली, कशालाच काही अर्थ नाही. पण घाट सगळ्यांनाच तसं बोलायला लावतो, ते मी धरलं नाही. रसवंतीत बसलो तेव्हा तिनं नुसता ग्लास उजेडाकडं धरून रसाचा रंग बघितला आणि काहीच बोलली नाही. मला आशा वाटली. मग रसवंतीवाल्यानं टेबल पुसलं आणि ती म्हणाली, "उठायला पाहिजे आता."

रात्री जेवताना विमलनं विचारलं, "कशाला पोरीला एवढं फिरवताय? सोफ्यावर हो म्हणाली ना? जिथं विचारायचं असतं तिथं विचारलंत, जे म्हणायचं असतं ते ती म्हणाली."

"ते तिचं नव्हतं."

"मग माझं कुठं होतं?" विमलनं मला आमटी वाढली. "मला पाटावर बसवून विचारलं होतं, अंगावर शालू, समोर तुमचे काका. पाटावर बसलेली बाई काय म्हणणार?"

"तुला कधी वाटलं का, की..."

"मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "भात घ्या."

ती बसली होती ती जागा कुठल्या मताची आहे, हे मी आजवर बघितलं नव्हतं. मी भात घेतला.

रविवारी सकाळी पद्मजा आणि मी खाली आलो. चौगुले यायच्या आत सभागृहातलं मतांचं सगळं सामान बाहेर काढायचं आणि तिला रिकाम्या जागेत उभं करून एकदा विचारायचं, असं आमचं ठरलं. युक्ती तिचीच होती. मी फक्त हमाल.

आधी सोफा काढला. दोघांनी उचलून अंगणात ठेवला. परत येऊन बघितलं तर समोरची भिंत सोफ्याएवढी आत आली होती. फरशीला तडा नाही, रंगाला ओरखडा नाही. मला त्यात विशेष वाटलं नाही. रिकामी जागा कुणीतरी घेणारच.

"आता?" मी विचारलं.

"आता तक्रार येतीय. सगळ्याबद्दल."

प्लास्टिकच्या खुर्च्या काढल्या. दुसरी भिंत पुढं आली. कट्टा फोडला, नळ वाकून पद्मजाच्या खांद्याशी आला. जिन्याखालचा बाक काढला तेव्हा जिनाच खाली बसला आणि वरच्या घराची वाट बंद झाली. विमल तेव्हा बाहेर अंगणात रांगोळी काढत होती, म्हणून बरं.

"आता?"

"आता उशीर होतोय असं वाटतंय. लवकर हो म्हणून मोकळं व्हावंसं."

मी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. खोली घड्याळाच्या मापानं आणखी लहान झाली. हे डोळ्यांना दिसत नाही, पण खांद्यांना कळतं.

"आता?"

"लोक काय म्हणतील?"

ती खिडकी होती, रस्त्याकडची. मी ती विटांनी बुजवली आणि भिंत सुस्कारा टाकल्यासारखी पुढं सरकली. मग पंखा काढला, छत खाली आलं. देणगीदारांचे फोटो काढले. ते असताना पद्मजा सारखी वाकून नमस्कार करत होती. भिंतींचा गुलाबी रंग खरवडला, कारण त्या रंगात ती लाडानं बोलायची. फरशी काळी-पांढरी होती. काळीवर तिला ‘नाही’ यायचं आणि पांढरीवर ‘हो’. ती उखडून खाली माती लागेपर्यंत गेलो. माती म्हणाली नाही काहीच. पद्मजाच्या कपाळावर घाम आला होता आणि ती पहिल्यांदाच जरा बरी दिसत होती.

बाहेर गाड्यांचे दरवाजे वाजले. चौगुले आले.

"मगदूम," बाळगोंडा मामांनी हाक मारली, "सोफा बाहेर मांडलायसा, लई झाक केलंसा. वारं चांगलं हाय."

आता ते सगळे अंगणात सोफ्यावर आणि सोफ्याच्या हातांवर बसले होते. त्यांचं हसणं एकसारखं ऐकू येत होतं. जागा बदलली म्हणून सोफा आपलं काम सोडत नाही.

आत आम्ही दोघंच होतो. खोली आता रेल्वेच्या संडासाएवढी होती. पद्मजाला मान जरा तिरकी करून उभं राहावं लागत होतं.

"आता?" मी विचारलं.

तिनं डोळे मिटले.

"काहीतरी आहे," ती म्हणाली. "खाली. पण वर येताना वाकडं होतंय."

"कशानं?"

"तुमच्या तोंडानं."

"मी कसलंही तोंड केलेलं नाही."

"केलंय. दोन्ही चालेल असं केलंय. आणि दोन्ही चालणार नाही."

मी तोंड सरळ करायचा प्रयत्न केला. पन्नाशीनंतर ते जमत नाही.

"म्हणजे मीपण सामानच की," मी म्हणालो.

"सगळ्यात जड," पद्मजा म्हणाली. मग माझ्या शर्टावरची माती तिनं झटकली. "अप्पा, बाहेर जा. मी एकटी असले की कळेल. कळलं की आतून सांगते. मी सांगेपर्यंत कुणाला काही बोलू नका."

"गुदमरशील."

"जा म्हणते ना."

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. आत खोली आणखी माझ्याएवढी मिटली. तो आवाज मी ऐकला. जेवणाचा डबा बंद होतो तसा, मऊ.

अंगणात विमल माझ्याजवळ आली. "कुठाय ती?"

"आत."

"आत कुठं?" विमलनं कार्यालयाकडं बघितलं. तिथं दाराच्या चौकटीएवढं बांधकाम उभं होतं, मागं मोकळं आभाळ. "एवढ्याशा जागेत?"

"तिचीच युक्ती."

मामा उठून आले. सोफ्यावरून उठले होते, पण होकार अजून अंगात होता. एका हातात सुपारी आणि दुसऱ्या हातात दगड. "बोलवा पोरीला. मुहूर्ताला वेळ हाय, पर माझ्या हाताला न्हाई."

"ती सांगणार आहे," मी म्हणालो. "आतून."

"आतून का?"

"आत कुठलीच जागा नाही म्हणून."

मामांनी मान डोलावली. सोफा असा आहे, की त्यावरून आलेल्याला सगळंच पटतं.

आम्ही सगळे दाराशी गोळा झालो. मी दाराला कान लावला. आतून पद्मजा बोलली.

आवाज स्पष्ट होता. एकच शब्द होता, आणि तो तिनं घाई न करता, नीट उच्चारला. पण तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. सोफ्यावरचा नव्हता, स्टुलावरचा नव्हता, पाळण्यातलासुद्धा नव्हता. त्यात हो कसं वाजतं आणि नाही कसं वाजतं, हे मला माहीतच नव्हतं. परक्या मुलखात कुणी रस्ता सांगावा तसा तो शब्द कानात आला, आणि मी बघत राहिलो.

"हा कुणाचा आवाज?" विमल हळूच म्हणाली.

"काय म्हणाली?" मामांनी विचारलं.

सगळे माझ्याकडं बघत होते. मुलगा बघत होता. तो प्रामाणिक वाटत होता. पुन्हा विचारावं, असं माझ्या मनात आलं. एकदाच, दाराला तोंड लावून. पण मी उभा होतो ती दाराबाहेरची जागा मी कधी तपासली नव्हती. तिथं कुणी बसत नाही. तिथं लोक चपला काढतात.

"हो म्हणाली," मी म्हणालो.

म्हणताना मला ते खरंच वाटलं.

"मी नाही ऐकलं तसं," विमल म्हणाली. ती एक पाऊल बाजूला उभी होती.

मामा खाली वाकले. दगड पडला आणि सुपारी फुटली. कुणीतरी पेढे पुढं केले. माझ्या हातात पेढा आला, आणि पाठीमागं दाराची मूठ हलली. आतून कुणीतरी ती हळूहळू फिरवत होतं. ती पूर्ण फिरली. दार आत उघडणारं होतं, आणि आत आता दाराला उघडायला जागा नव्हती.