मौलालीची पाचवी माघार

मौलाली पिंजारी नगरपालिकेला चार वेळा अपक्ष उभा राहिला आणि चारही वेळा त्यानं माघार घेतली. त्यामुळं गल्लीत त्याला मोठा मान होता. पहिल्या माघारीत हातपंप आला, दुसरीत दिवे, तिसरीत संडास, चौथीत बालवाडीवर पत्रा. निवडून आलेल्यांनी याच्या निम्मंसुद्धा दिलं नव्हतं.

पाचव्या खेपेला मात्र गादी शिवता शिवता तो बायकोला म्हणाला, "बिबीजान, औंदा माघार न्हाय. मशीनवर एकदा तरी माझं नाव बघायचं हाय. मग मत एकच पडू दे, माझंच."

"आन् गटार?" बिबीजाननं विचारलं.

गटार दर पावसाळ्यात गल्लीतल्या घरांत शिरायची. मौलालीनं पुढचा टाका घातला. आपला अर्ज बाद झालाच तर असावा, म्हणून रिवाजाप्रमाणं त्यानं बायकोचाही डमी अर्ज भरला. डमीकडं कोण बघतंय?

पक्षाचे उमेदवार उदयसिंह दुसऱ्या दिवशी हजर. "बोला मौलालीभाई, औंदा काय पायजे?"

"कायबी नको. लढणार हाय."

"भाव वाढवाय लागलाय व्हय!" उदयसिंह हसत गेले.

संध्याकाळी गल्ली दारात जमली. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. शेजारची म्हातारी बयाबाई म्हणाली, "लढ की लेकरा. पाणी आमी बादलीनं काढू. सवय हाय."

मौलालीला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यानं उदयसिंहांना निरोप धाडला.

गल्लीचा नियम ठरलेला होता : आधी काम, मग सही. आचारसंहिता असल्यामुळं बोर्ड न लावता उदयसिंहांच्या घरचा जेसीबी आला. आठवड्यात गटार झाली, वर फरशीही बसली. शेवटच्या दिवशी तिनाला दहा मिनिटं कमी असताना मौलालीनं सही केली आणि कचेरीच्या व्हरांड्यात येऊन रडला. उदयसिंहांनी त्याला हार घातला.

तीन वाजता निवडणुकीच्या साहेबांनी यादी वाचली. उमेदवार दोन : उदयसिंह, आणि बिबीजान मौलाली पिंजारी.

"अगं, तुझा अर्ज?" मौलाली हारासकट शेजारी उभ्या बिबीजानकडं वळला.

"माझी माघार कुणी मागितलीच न्हाय की," बिबीजान म्हणाली.

उदयसिंहांनी घड्याळ बघितलं. तीन वाजून गेले होते.

मतदानाला मौलाली मशीनपुढं इतका वेळ थांबला, की अधिकाऱ्यानं हटकलं. दोन नंबरला बिबीजानचं नाव होतं आणि मधोमध त्याचं. त्यानं ते बोट ठेवून दोनदा वाचलं. मग बटण दाबलं.